लाईट लागली म्हणून लगेच सेन्सर आणू नका

पावसाळ्यातली सोमवारची सकाळ म्हटली की पुण्यात धायरीच्या आमच्या ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानासमोर चिखलाने माखलेली एक तरी फोर बाय फोर उभी असते. शनिवार-रविवार ताम्हिणीत नाहीतर पानशेतच्या मागच्या कच्च्या रस्त्यांवर गेलेला, ओढ्यात गाडी घालून व्हिडिओ काढून झालेले, आणि परतताना चांदणी चौकात येईपर्यंत डॅशबोर्डवर इशाऱ्याच्या लाईटींची दिवाळी. मालक उतरतो तोच हातात खोका घेऊन. "ताई, एबीएसचा सेन्सर गेलाय. नवा आणलाय, फक्त बसवून द्या." मी खोका काउंटरवर ठेवते आणि मल्टिमीटर घेऊन गाडीखाली जाते. बहुतेक वेळा खोका न उघडता दुकानदाराकडे परत जातो.

लाईट तुम्हाला सर्किटचं नाव सांगते. पार्टचं नाव आपण आपल्या मनाने लावतो. एबीएसची (ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेची) लाईट म्हणजे चाकापासून कंट्रोल युनिटपर्यंतच्या, म्हणजे गाडीतल्या छोट्या कॉम्प्युटरपर्यंतच्या वाटेत माहिती कुठेतरी अडली, एवढंच. त्या वाटेत सेन्सर एक, कपलर (वायरी जोडणारे प्लास्टिकचे सॉकेट) दोन-तीन, चार-पाच मीटर वायर, एखादा फ्यूज आणि अर्थिंगचे (करंट बॅटरीच्या मायनसला परत नेणाऱ्या जोडणीचे) बोल्ट. यातली सगळ्यात महाग वस्तू आधी बदलायची आणि फुकटात तपासता येणाऱ्या चार वस्तूंकडे ढुंकूनही बघायचं नाही, हा उलटा कारभार मी रोज बघते. म्हणून हे सविस्तर लिहितेय. घरच्या पार्किंगमध्ये, दहा नंबरचा पाना आणि एक मल्टिमीटर एवढ्यावर यातलं बरंच जमण्यासारखं आहे.

आधी लाल-पिवळ्याचं बघा. तेलाच्या किटलीची लाल लाईट चालत्या गाडीत लागली तर गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा, डिपस्टिक बघा. त्या क्षणी वायरिंगचा विचारसुद्धा नको. ओढ्यातल्या दगडावर चेंबर (इंजिनखालचं तेलाचं भांडं) आपटून तेल गळून गेलेली गाडी "वायर शॉर्ट असेल" म्हणत घाटातून उतरवली, तर खाली येईपर्यंत बेअरिंगांचा निकाल लागलेला असतो. टेम्परेचर आणि ब्रेकच्या लाल लाईटलाही तोच नियम. पिवळी लाईट आहे आणि गाडी नीट ओढतेय, तर घरी येऊन बघता येतं. अपवाद एक: पेट्रोल गाडीत चेक इंजिनची लाईट लुकलुकत असेल तर मिसफायर होतोय, न जळलेलं पेट्रोल धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो भाजून निघतो. तेव्हा पाय हलका ठेवा आणि जमेल तिथे थांबा.

चावी ऑन, इंजिन बंद

पहिली तपासणी हत्याराशिवायची. चावी ऑन करा, सेल्फ मारू नका, आणि डॅशबोर्डचा फोटो काढा. ऑइल, बॅटरी, एबीएस, एअरबॅग, चेक इंजिन या सगळ्या लाईट लागायलाच हव्यात. गाडी स्वतःचीच हजेरी घेत असते. एबीएस आणि एअरबॅग काही सेकंदांत आपोआप विझतात. ऑइल, बॅटरी आणि चेक इंजिन गाडी चालू झाल्यावर विझतात. आता दुसरा फोटो इंजिन चालू असताना. दोन्ही शेजारी ठेवून बघितले की कुठली लाईट विझली नाही ते कळतं, आणि कुठली लागलीच नाही तेही कळतं. न लागणारी लाईट हासुद्धा फॉल्टच. सेकंड हँड गाडी घेताना तर हे आवर्जून बघा. एअरबॅगची लाईट चावी ऑन केल्यावर लागतच नसेल, तर बल्ब काढून टाकून तुम्हाला गाडी विकायला काढलेली असण्याची शक्यता बरीच.

मग स्वतःला विचारा, लाईट लागण्याआधी गाडीला काय झालं? पाण्यात गेली? वॉशिंग सेंटरला प्रेशरने इंजिन धुतलं? नवा म्युझिक सिस्टीम, नवा एलईडी बार, डेंटिंग-पेंटिंग? आठवडाभर पेठेतल्या पार्किंगमध्ये उभी होती? (उंदीर. सदाशिव पेठेतल्या गाड्यांना चाकाचा सेन्सर चिखलाने कमी आणि उंदरांनी जास्त जातो, असं मला कधीकधी वाटतं.) जिथे शेवटचा माणसाचा हात, पाणी किंवा दात लागला, तिथून शोधायला सुरुवात करा.

हत्यारं

मल्टिमीटर बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास मिळतो तसला साधाही चालेल, फक्त त्याच्या वायरी चांगल्या घ्या. स्वस्त मीटरच्या वायरी आतून तुटतात आणि मग तुम्ही गाडीतला फॉल्ट शोधत बसता. ओबीडीला, म्हणजे गाडीने नोंदवलेले फॉल्टचे कोड वाचायच्या सॉकेटला लावायचा ब्लूटूथ स्कॅनर असेल तर उत्तम. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस ६ गाड्यांना ओबीडी आहेच, आधीच्याही बऱ्याच गाड्यांना आहे. पण स्वस्त स्कॅनर इंजिनचे कोड वाचतो. एबीएस आणि एअरबॅगचे कोड बऱ्याचदा वाचत नाही, तेव्हा "कोड काहीच नाही" यावर विसंबू नका.

तिसरं हत्यार माझ्या वडिलांचं. नाना पेठेत त्यांचं दुकान होतं तेव्हापासून एक टेस्ट लॅम्प आमच्याकडे आहे: इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब, होल्डर, दोन वायरी, दोन क्लिपा. मल्टिमीटर आल्यावर तो मी फेकून देईन असं त्यांना वाटलं होतं. नाही फेकला, कारण मल्टिमीटरला जे दिसत नाही ते या बल्बला दिसतं. वायरीच्या वीस तारांपैकी एकच तार जेमतेम टेकलेली असली तरी मल्टिमीटर बिनधास्त १२ व्होल्ट दाखवतो, कारण तो करंट जवळपास घेतच नाही. २१ वॅटचा बल्ब पावणेदोन अँपियर ओढतो. त्या एका तारेवर तो मिणमिणतो, आणि वायरीचं पितळ उघडं पडतं. नळाला पाणी आहे की नाही हे तोटी उघडल्याशिवाय कळत नाही, तसंच हे. मात्र हा बल्ब हेडलाईट, हॉर्न, पंप, फ्यूज बॉक्स असल्या जाड वायरींसाठी. इंजिन कंट्रोल युनिटच्या, सेन्सरच्या बारीक वायरींना तो लावायचा नाही, एअरबॅगला तर स्वप्नातही नाही.

बॅटरी आणि अर्थिंग: इथे घाई नको

कुठलीही लाईट लागलेली असो, मी सुरुवात इथूनच करते. गाडी रात्रभर उभी असेल तर बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास हवेत. १२.२ म्हणजे बॅटरी अर्धी. सेल्फ मारताना साडेनऊच्या खाली उतरू नये. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ च्या दरम्यान. एवढं करून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण व्होल्टेज पडलं की कंट्रोल युनिटं बावचळतात आणि एकमेकांशी संबंध नसलेल्या लाईटी एकत्र लागतात. तीन-चार लाईट एकदम लागल्या तर तीन-चार पार्ट एकदम गेले असं सहसा होत नाही. सगळ्यांना जोडणारं एकच काहीतरी बिघडलेलं असतं: बॅटरी, अर्थिंग, किंवा युनिटांना जोडणारी कॅनची वायर.

आता अर्थिंग. बहुतेकजण मीटर बीपवर ठेवतात, एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं बॉडीला, बीप वाजला की "अर्थिंग ओके". हे काही खरं नाही. बीप एखाद्या तारेवरही वाजतो. अर्थिंग लोडवर तपासायचं.

मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. काळं टोक बॅटरीच्या मायनसच्या शिशाच्या खुंटीवरच धरा, त्यावरच्या क्लँपवर नको. लाल टोक बॉडीच्या उघड्या धातूवर, रंग नसलेल्या बोल्टवर. हेडलाईट हाय बीमवर, ब्लोअर फुल. काय दिसतं? ०.१ च्या आत असेल तर छान. ०.२ पर्यंत चालवून घेऊ. त्याच्या वर गेलं तर तुमचा फॉल्ट बहुधा सापडलाच. आता लाल टोक इंजिनच्या ब्लॉकवर धरा आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. सेल्फ शेकडो अँपियर ओढतो, म्हणून तिथे अर्ध्या व्होल्टपर्यंत सूट.

मागच्या पावसाळ्यात एक जुनी डिझेल जीप आली. तक्रार अशी, की रात्री हेडलाईट लावले की टेम्परेचरचा काटा वर चढतो आणि अधूनमधून चेक इंजिन लागतं. दिवसा काही नाही. थर्मोस्टॅट बदलून झाला होता, टेम्परेचरचा सेन्सर बदलून झाला होता, रेडिएटर उघडून साफ करून झाला होता. मी वर सांगितलं तसं मीटर लावला. इंजिनचा ब्लॉक ते बॅटरी मायनस, ०.०२. बॉडी ते बॅटरी मायनस, हेडलाईट आणि ब्लोअर लावून, ०.९. म्हणजे बॉडी आणि इंजिन यांच्यात जवळपास एका व्होल्टचा फरक. सेन्सरला अर्थिंग इंजिनचं, डॅशबोर्डवरच्या काट्याला अर्थिंग बॉडीचं. बॉडीचं अर्थिंग वर उचललं गेलं की सेन्सरचा व्होल्टेज काट्याला कमी वाटतो, आणि कमी व्होल्टेज म्हणजे जास्त गरम, असा त्याचा हिशेब. पाणी थंडच होतं, काटा खोटं सांगत होता.

बॅटरीखालून बॉडीला जाणारी अर्थिंगची वायर पकडत गेले. बोल्टजवळच्या थिंबलला (वायरीच्या टोकाच्या धातूच्या कडीला) हात लावला तर चांगलीच गरम. ०.९ व्होल्ट आणि वीसेक अँपियर म्हणजे त्या एका सांध्यात १८ वॅट जळतायत, इंडिकेटरच्या बल्बइतकी उष्णता. बोल्ट खोलला आणि खाली काय, तर चकचकीत नवा रंग. कुठल्याशा डेंटिंगवाल्याने गंज काढून, प्रायमर मारून, सुंदर रंगकाम करून, थिंबल त्या रंगावर पुन्हा आवळलं होतं. करंट बोल्टच्या आट्यांतून कसाबसा जात होता. पॉलिश पेपरने जागा धातू दिसेपर्यंत घासली, थिंबलची खालची बाजू घासली, दातेरी वॉशर घातला, आवळलं, मग वरून ग्रीस. पुन्हा मीटर: ०.०४. काटा जागेवर.

हीच चाचणी प्लसच्या बाजूलाही करता येते. अल्टरनेटरच्या (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या जनरेटरच्या) जाड टर्मिनलवर एक टोक, बॅटरीच्या प्लस खुंटीवर दुसरं, इंजिन चालू, लाईट चालू. ०.२-०.३ च्या वर फरक असेल तर मधली केबल किंवा तिचं थिंबल कार्बन धरून बसलंय.

बॅटरीची लाल लाईट

लोक म्हणतात बॅटरी गेली. ही लाईट चार्जिंगची आहे, आणि जुन्या पद्धतीच्या गाडीत तिची रचना फार हुशार आहे. बल्बच्या एका टोकाला चावीतून येणारा प्लस, दुसरं टोक बारीक वायरीने अल्टरनेटरला. चावी ऑन केली, इंजिन बंद: करंट बल्बमधून अल्टरनेटरच्या रोटरकडे (आतल्या फिरत्या भागाकडे) जातो, बल्ब लागतो, आणि तोच थोडासा करंट रोटरमध्ये पहिलं चुंबकत्व जागं करतो. इंजिन चालू होऊन अल्टरनेटर व्होल्टेज द्यायला लागला की बल्बच्या दोन्ही टोकांना सारखाच प्लस. फरक संपला, बल्ब विझला.

एवढं समजलं की लक्षणं वाचता येतात. चावी ऑन केल्यावर लाईट लागतच नाही: बल्ब उडाला, ती बारीक वायर तुटली, किंवा अल्टरनेटरचे ब्रश (रोटरला करंट देणारे कार्बनचे तुकडे) झिजून रोटरपर्यंत पोचत नाहीत. बल्ब उडाला असेल तर काही गाड्यांत अल्टरनेटर जागाच होत नाही, म्हणजे दहा रुपयांच्या बल्बपायी बॅटरी उतरते. इंजिन चालू असताना लाईट ठळक: चार्जिंग नाही, पट्टा, ब्रश, रेग्युलेटर. लाईट मंद, रात्रीच दिसेल इतकी: दोन टोकांत थोडा फरक उरलाय. अल्टरनेटरमधला एखादा डायोड गेला असेल, नाहीतर चावीच्या बाजूच्या वायरीत व्होल्टेज गळतंय.

चिखलात जाणाऱ्या गाड्यांत ब्रश लवकर जातात. अल्टरनेटर खाली बसवलेला असेल तर चिखलाचं पाणी आत जातं, वाळल्यावर माती राहते, आणि ती ब्रश आणि स्लिप रिंग दोन्ही खाते. पाण्यातून आल्यावर पट्टा किंचाळला आणि लाईट लागून पाच मिनिटांत विझली, तर पट्टा ओला होता. तेवढ्यावर अल्टरनेटर उतरवू नका. नव्या गाड्यांत अल्टरनेटरला कंट्रोल युनिट चालवतं आणि लाईटही तेच लावतं, तिथे हे बल्बाचं गणित लागू नाही. तिथे आधी कोड.

ऑइलची किटली आणि ब्रेक

तेल पुरेसं आहे, इंजिनचा आवाज नेहमीसारखा आहे, तरी लाईट जात नाही, तर इंजिन बंद ठेवून चावी ऑन करा आणि ऑइल स्विचची वायर काढा. साध्या स्विचच्या गाडीत लाईट विझायला हवी, कारण हा स्विच प्रेशर नसताना वायर अर्थिंगला जोडतो. वायर काढूनही लाईट तशीच, म्हणजे वायर वाटेत कुठेतरी बॉडीला घासून शॉर्ट झालीय. विझली, तर संशय स्विचवर किंवा खरोखरच्या प्रेशरवर, आणि त्याचा निकाल मेकॅनिकल गेज लावूनच लावायचा.

ब्रेकच्या लाल लाईटला हँडब्रेकचा स्विच आणि ब्रेक ऑइलच्या डबीतला फ्लोट असे बहुधा दोन मालक असतात. आधी डबीतली पातळी बघा, मग हँडब्रेकच्या स्विचचा कपलर काढा. इतकं सोपं आहे.

डिझेलवाल्यांसाठी फिल्टरमध्ये पाणी असल्याची लाईट. आधी फिल्टरखालचा स्क्रू सैल करून पाणी काढा. पाणी निघालंच नाही तर सेन्सरचा कपलर उघडा. तो फिल्टरच्या तळाशी असतो आणि त्याच्या पिनांमध्ये चिखलाचं पाणी बसलं की सर्किटला आत पाणी असल्यासारखंच वाटतं.

एबीएस, आणि तिच्या बहिणी

एबीएसबरोबर ट्रॅक्शन (चाक घसरू न देणारी यंत्रणा) आणि हिल होल्डच्या (चढावर गाडी मागे जाऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) लाईटही लागतात, कारण चाकाचा वेग त्या सगळ्यांना तिथूनच कळतो. एकाच चाकाची माहिती थांबली तरी तिन्ही लागतात.

चाक साफ करून सेन्सरचं टोक बघा. तिथे लोखंडाची भुकटी चिकटते, दातेरी रिंगच्या फटीत खडी अडकते. ओल्या फडक्याने पुसा. मग वायर. पुढच्या चाकाची वायर स्टिअरिंगबरोबर प्रत्येक वळणाला वाकते आणि सस्पेन्शनबरोबर वरखाली होते. वरचं प्लास्टिक धडधाकट, आत तांबं तुटलेलं, हे फार कॉमन आहे. वायर दोन बोटांत धरून थोडी थोडी वाकवत जा; तुटलेल्या जागी ती दोरीसारखी लुळी पडते.

जुन्या पद्धतीचा, गुंडाळीचा सेन्सर असेल तर कपलर काढून रेझिस्टन्स मोजा. साधारण एक ते दोन हजार ओहम येतो, पण आकड्यापेक्षा डावा-उजवा ताडून बघणं जास्त भरवशाचं. मीटर लावूनच ठेवा आणि दुसऱ्याला स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायला सांगा. आकडा मध्येच उडाला तर वायर. चाक जॅकवर उचलून मीटर एसी व्होल्टवर ठेवून हाताने फिरवलं तर काही मिलिव्होल्ट दिसतात. नव्या गाड्यांत सेन्सर इलेक्ट्रॉनिक असतो, त्याला ओहममध्ये मोजायचं नाही. तिथे कपलर काढून, चावी ऑन करून, हार्नेसच्या (गाडीच्या वायरींच्या जुडग्याच्या) बाजूला युनिटकडून सप्लाय येतोय का ते बघायचं, आणि स्कॅनरवर चारही चाकांचा वेग शेजारी शेजारी ठेवून गाडी हळू चालवायची. तीन चाकं १५ म्हणतात आणि एक शून्य, तर ते चाक.

वायरीचं प्लास्टिक टाचणीने भोसकून मोजू नका. कपलरच्या मागच्या बाजूने, वायर जिथे शिरते तिथून बारीक पिन सरकवा. भोसकलेल्या भोकातून पाणी जातं, आणि पुढच्या पावसाळ्यात ती वायर सोलली की आत तांब्याऐवजी हिरवी पूड निघते.

फोर बाय फोरची लाईट

लुकलुकतेय म्हणजे बिघडली असं नाही. इलेक्ट्रिक शिफ्टच्या गाडीत लुकलुकणं म्हणजे गिअर अजून पूर्ण बसला नाही. सरळ रेषेत थोडं पुढे-मागे घ्या, बऱ्याचदा बसतो. लिव्हरच्या गाडीत ट्रान्सफर केसवर (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरबॉक्सवर) एक स्क्रूसारखा बसणारा स्विच असतो. त्याचा कपलर काढा, चावी ऑन ठेवून हार्नेसच्या दोन पिना तारेच्या तुकड्याने जोडा. एकच वायर असेल तर ती बॉडीला टेकवा. लाईट लागली तर वायरिंग ठीक, स्विच बघा. हा स्विच नेमका दगड लागतील अशा जागी असतो.

चेक इंजिनचा कोड वाचताना

कोडचं पहिलं अक्षर पी असेल तर इंजिन-गिअरबॉक्स, सी म्हणजे चेसिस, बी म्हणजे बॉडी, यू म्हणजे युनिटांमधलं बोलणं. पी०५६२ आला तर व्होल्टेज कमी, म्हणजे पुन्हा वरचा अर्थिंगचा भाग वाचा. कोडबरोबर फ्रीझ फ्रेम मिळत असेल तर ती जपून ठेवा; कोड पडला तेव्हा वेग किती, इंजिन किती गरम, हे त्यात असतं. कोड पुसायच्या आधी फोटो काढाच.

कोडमध्ये "लो" आहे की "हाय" हे नीट बघा, कारण सेन्सर की वायर हे ठरवायची सुरुवात तिथूनच होते. टेम्परेचरच्या सेन्सरचं उदाहरण घ्या: तिथे लो म्हणजे सर्किट शॉर्ट, हाय म्हणजे सर्किट तुटलेलं. त्याचा कपलर काढला की स्कॅनरवर पाणी उणे ४० अंश दिसायला हवं. हार्नेसच्या दोन पिना एकमेकींना जोडल्या की आकडा वरच्या टोकाला जायला हवा. दोन्ही झालं, तर कंट्रोल युनिटपासून कपलरपर्यंत सगळं ठीक आहे, सेन्सर खुशाल बदला. नाही झालं, तर नवा सेन्सर घालूनही लाईट तशीच राहणार. दोन तारांच्या सेन्सरसाठी ही माझी सगळ्यात आवडती चाचणी, आणि तिला खर्च शून्य.

तीन तारांच्या सेन्सरमध्ये एक ५ व्होल्ट, एक अर्थिंग, एक सिग्नल. ५ व्होल्टची वायर बहुधा अनेक सेन्सरांत वाटलेली असते. तिच्यावर ५ ऐवजी १-२ व्होल्ट मिळाले तर त्या ओळीतला कुठलातरी एक सेन्सर शॉर्ट होऊन सगळ्यांना खाली ओढतोय. एकेक कपलर काढत जा. ज्याच्या काढण्याने ५ परत येतात तो चोर.

यू कोडांचा ढीग पडला असेल तर बॅटरीचा मायनस काढा, ओबीडी सॉकेटच्या ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये ओहम मोजा. कॅनच्या दोन्ही टोकांना १२०-१२० ओहमचे रेझिस्टर असतात, म्हणून ६० यायला हवेत. १२० आले तर एक टोक तुटलंय. शून्याजवळ आलं तर दोन वायरी एकमेकींना चिकटल्यात. काही गाड्यांत हे सॉकेट मधल्या एका युनिटमागे असतं, तिथे हा आकडा येत नाही.

बाहेरून लावलेल्या वस्तू

१२० वॅटचा एलईडी बार १० अँपियर घेतो. तो हेडलाईटच्या वायरीला चिमटा मारून जोडलेला असेल तर आधी तो तोडा, मग फॉल्ट शोधा. त्याला बॅटरीपासून स्वतंत्र वायर, बॅटरीजवळच फ्यूज, आणि रिले (मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) हवा. फ्यूज उडतो म्हणून १५ च्या जागी ३० घालणाऱ्याला मी दुकानात उभं करत नाही. फ्यूज वायर वाचवायला असतो. विंचचं (अडकलेली गाडी ओढून काढणाऱ्या मोटरचं) अर्थिंग चेसिसच्या कुठल्यातरी बोल्टला नको, जाड केबलने थेट बॅटरीच्या मायनसला. विंच अडकली की ३००-४०० अँपियर ओढते, आणि तो करंट परतीच्या वाटेवर तुमच्या बारीक अर्थिंगच्या वायरीसुद्धा सोडत नाही. बंपर किंवा स्लायडर वेल्डिंग करून घेताना बॅटरी सोडवा, आणि वेल्डिंगवाला "काही होत नाही" म्हणाला तरी सोडवा.

एअरबॅगच्या लाईटला मात्र हात लावू नका. पिवळे कपलर, पिवळी स्लीव्ह दिसली की मीटर दूर. ओहम मोजताना मीटर स्वतः करंट सोडतो, आणि पलीकडे स्फोटक आहे. पुष्कळदा सीटखालचा कपलर सीट मागेपुढे करताना सैल झालेला असतो, पण तोही बॅटरी काढून, काही मिनिटं थांबून, माहितगाराकडूनच बघून घ्या.

वायर सापडल्यावर

हिरवं तांबं दिसलं तर चकचकीत तांबं लागेपर्यंत वायर कापत जा, मग नवा तुकडा जोडा. जोड नीट पंच करा आणि वरून आतून गोंद असलेली श्रिंक स्लीव्ह तापवून बसवा. सोल्डर केलेली वायर सोल्डर जिथे संपतं तिथे ताठ होते आणि खडखडाटाने तिथेच तुटते, म्हणून चाकाजवळ मी सोल्डर टाळते. नुसती काळी टेप गुंडाळणं म्हणजे पाणी आत कोंडणं. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉनही कपलरमध्ये भरू नका, त्यातलं ॲसिड तांबं खातं. कॉन्टॅक्ट क्लीनरने पिना धुवा, रबरी सीलला डायइलेक्ट्रिक ग्रीस लावा, आणि वायर कपलरमध्ये शिरण्याआधी थोडी खाली झोल देऊन बांधा, म्हणजे तिच्यावरून ओघळणारं पाणी झोलातून टपकतं, कपलरमध्ये शिरत नाही.

आणि फॉल्ट फक्त ओल्यातच येत असेल, दुकानात आणली की गाडी शहाणी होत असेल, तर झाडांना पाणी मारायचा हातपंपाचा स्प्रे घ्या. इंजिन चालू ठेवा, स्कॅनर लावून ठेवा, आणि एका वेळी एकाच कपलरवर बारीक फवारा मारा. मारला की मिनिटभर थांबा. आधी खालचे कपलर, मग वरचे; वरून सुरुवात केली तर पाणी ओघळून खालच्यात जातं आणि कुठल्याने लाईट लागली ते कळत नाही. फ्यूज बॉक्स आणि एअर फिल्टरच्या तोंडावर फवारू नका. लाईट लागली की तो कपलर उघडा, वाळवा, आणि तोच पुन्हा ओला करून बघा. दोन्ही वेळा लागली तर खूणगाठ बांधा.